बाटलीतलं उष्टं

शकू, बाटली रिकामी झाली. हे आधी सांगून टाकते, कारण मी मागचंपुढचं लावत बसले की तू "वसे, मुद्द्यावर ये" म्हणतेस. मुद्दा एवढाच आहे. आपला जीवाणू ज्या शेवटच्या बाटलीत जिवंत होता, ती बाटली मी पाटोद्याला नेली आणि तुझ्या भावाच्या शेळीच्या घशात ओतली. बरोबर केलं की वाटोळं केलं, ते मला कळत नाही. तू सांगणार नाहीस, म्हणून जास्तच भीती वाटते.

तू गेल्यावर मला रडू नंतर आलं, आधी भीती वाटली. हे मी अजून कुणाला बोललेले नाही. सोमवारी सकाळी तू पाटोद्याहून नेहमीच्या एसटीत बसलीस, खिडकीला डोकं टेकलंस, आणि केजला कंडक्टरनं "बाई, उठा" म्हणत हात लावला तेव्हा सगळं संपलेलं होतं. मी दवाखान्यात पोचले तर तुझा भाऊ नामदेव अजून यायचा होता. तिथल्या माणसानं तुझी पिशवी माझ्याकडे दिली. आत जेवणाचा डबा, चष्म्याचं घर आणि तो थर्मास. शेळीच्या पोटातलं पाणी भरून तू दर सोमवारी आणायचीस, तोच. मी झाकण काढून पाहिलं तर वाफेसकट तो आंबूस वास आला. तुझा हात गार पडला होता आणि ते पाणी अजून कोमट होतं. मी थर्मास बाकड्यावर ठेवला आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिले. मग आठवलं, बाटल्यांना खायला घालायचं आहे.

अंबाजोगाईतल्या आपल्या कॉलेजच्या त्या प्रयोगशाळेत होतं काय? एक इन्क्युबेटर, एक जुना सूक्ष्मदर्शक, गॅसचा सिलिंडर आणि तू. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हणजे फळ्यावर शिकवते. हात तुझे होते. रबरी बुचातून सुई घालायची, हवेचा एक बुडबुडासुद्धा आत जाऊ द्यायचा नाही, जुन्या बाटलीतलं थोडं नव्या बाटलीत घालायचं, हे तू एकीकडे माझ्याशी भांडत करायचीस. "हवा लागली की मरतो, एकटा ठेवला की मरतो. असला लाडावलेला जावई कुणाच्या नशिबी येऊ नये," असं म्हणायचीस आणि शनिवारी घरी जाताना इन्क्युबेटरच्या दाराला हळूच हात लावून जायचीस. मी ते पाहायची. बोलून दाखवलं असतं तर चिडली असतीस.

तुझ्या थर्मासमधलं पाणी मी गाळलं, त्यातलं जिवंत सगळं मरून नुसतं अन्न उरावं म्हणून उकळलं आणि बाटल्यांना घातलं. हात इतका थरथरत होता की पहिली सुई बुचातच वाकली. एकेक बाटली निवळत गेली. एरवी निवळ पाणी पाहून माणसाला बरं वाटतं, आपल्या धंद्यात निवळ म्हणजे मेलं. शेवटी एकच गढूळ राहिली. आणि गढूळ म्हणजे तरी काय? आत काहीतरी जगतंय, एवढंच. कोण जगतंय ते बाटली सांगत नाही. एक थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गर्दीत आपली ती इळ्यासारखी वाकडी काडी दिसली. पुन्हा पाहिलं तर दिसेना. मग वाटलं, दिसली ती मला दिसायला हवी होती म्हणून दिसली असेल.

तू मला पहिल्यांदा तुमच्या वस्तीवर नेलंस तो दिवस आठवतो का? मार्च होता, माळावर हिरवं पान नव्हतं आणि तुमच्या शेळ्या बांधावरच्या सुबाभळीचा पाला खसाखसा ओरबाडत होत्या. मी घाबरून म्हटलं, अगं, ह्यात विष असतं. नुसता हाच पाला रोज पोटभर खाल्ला की शेळीची लाळ गळते, केस झडतात, गाभण असली तर गाभडते. म्हणून जाणती माणसं तो दुसऱ्या चाऱ्यात थोडाच मिसळतात. तू नुसती हसलीस आणि नामदेवला हाक मारलीस. बाजारातून एक नवी शेळी आलेली होती. नामदेवनं तुमच्या म्हाताऱ्या शेळीला पकडलं. सगळ्या कळपाला पुढे घालून नेते म्हणून तिचं नाव मुकादम. ती डोळे मिटून रवंथ करत होती. त्यानं तिच्या गालात बोट घातलं, चघळलेला हिरवा लगदा काढला, आणि नव्या शेळीच्या तोंडात कोंबून तिचं तोंड मिटून धरलं, ती गिळेपर्यंत. मी किंचाळले.

"म्याडम, भेता कावून?" नामदेव म्हणाला. "शेळी हाय, वाघ न्हाई. नव्या जनावराला घरचं उष्टं दिल्याबिगर आमी पाला दावत न्हाई."

परतीच्या बसमध्ये तू म्हणालीस, "लहानपणापासून बघत आले गं. आज तू किंचाळलीस तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ह्या उष्ट्यात नेमकं कोण जातं?" तुझी तीन वर्षं त्या एका प्रश्नात गेली. मी किंचाळले हे माझं ह्या संशोधनातलं सगळ्यात मोठं योगदान, असं तू स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगायचीस. शकू, तेव्हा मला राग यायचा. आता ते कुणी सांगत नाही, तर फार लागतं.

आपलं भांडण अर्धंच राहिलं. सापडला तो नवा होता, जगात कुणी नोंदलेला नव्हता, इथपर्यंत आपलं एकमत. मी म्हणत होते, विष हाच फोडतो. त्याला एकट्याला वेगळा काढू, पाल्याचं विष त्याच्यापुढे ठेवू, फोडून दाखवेल, संपला विषय. तू म्हणायचीस, "तो फोडत नाही. फोडणारा दुसराच आहे, आणि तो सगळ्या कळपांत थोडाथोडा असतो. आपला हा त्या फोडणाऱ्याचा कचरा उचलतो." मी म्हटलं, कचरा उचलणाऱ्याला कोण विचारतं? तेव्हा तू जेवणाचा डबा बाजूला सारून मला लग्नाची गोष्ट ऐकवलीस. "पंगतीत वाढपी सगळ्यांना दिसतात. पत्रावळी उचलणारा कुणाच्या फोटोत नसतो. पण पहिल्या पंगतीच्या पत्रावळी उचलल्याच नाहीत तर दुसरी पंगत बसेल का? वाढपी हातात बुंदी घेऊन उभा राहील नुसता." मी म्हटलं, हे शास्त्र नाही, कीर्तन आहे. दोन दिवस बोलली नाहीस. पण बाटल्या तुझ्या बाजूनं बोलत होत्या. त्याला एकट्याला काढला की तो मरायचा, आणि त्याला काढून घेतलं की उरलेल्यांचं विष फोडणं थंडावायचं. मला ते दिसत होतं. मी हट्टानं आणखी पुरावा मागत राहिले, कारण पुरावा मागणं हे माझं कामच होतं, आणि तू मला त्यासाठीच सोबत घेतलं होतंस.

आपला लेख स्वीकारला गेला तेव्हा तू स्टाफरूममध्ये भेळ वाटलीस. नावात पाटोदा आलं होतं, पाटोदेन्सिस. "लोकांना आमचं गाव दुष्काळापुरतंच आठवतं, आता शेळीच्या पोटापुरतं आठवेल," म्हणालीस. राहिली होती एकच अट, जिवंत नमुना जीवाणूंच्या मोठ्या संग्रहालयात जमा व्हायला हवा. पहिली कुपी प्रवासातच मेली. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या कुप्या उन्हाळ्यातल्या वीजकपातीत वितळल्या, गोठल्या, पुन्हा वितळल्या. मी त्या सगळ्या उठवून पाहिल्या, एकही उठली नाही. शेळीच्या पोटातून तो पुन्हा शोधून काढणं माझ्या हातांचं काम नव्हतं. म्हणजे ती एक गढूळ बाटली गेली की आपला लेख गेला, नाव गेलं आणि तूही अर्धी गेलीस, असं माझ्या डोक्यात बसलं. मी दर तासाला इन्क्युबेटर उघडून बघत होते. उघडल्यानं आतली ऊब जाते हे मुलांना मीच शिकवते.

अशात नामदेवचा फोन आला. "ताई, शेळ्या लाळ गाळायल्यात. तुमी येता का?"

बाटली तिथे ठेवून जायची हिंमत झाली नाही. लोकरीच्या टोपीत गुंडाळून, पोटाशी ओढणीनं बांधून एसटीत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कितवा महिना?" मी काय सांगणार? केज आलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, मिटले तर कंडक्टर मलाही हात लावेल असं वाटलं. तू बसलेली बाजू मला माहीत होती, उन्हाची. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसले होते.

वस्तीवर गेले तर शेळ्या ओरडत नव्हत्या. तेच फार भयंकर होतं. एरवी माणूस दिसलं की केवढा गलका करतात! तू जायच्या आदल्या बाजारात आणलेल्या नव्या पाटी, त्या तरण्या शेळ्या, खाली माना घालून उभ्या, तोंडाला लाळेच्या तारा. एकीच्या पाठीवर मी हात ठेवला तर केस हातात आले. ओढले नव्हते गं, नुसते आले.

"उष्टं नाही दिलं?" मी विचारलं.

नामदेव भिंतीशी बसला होता, डोकं भादरलेलं, दाढी वाढलेली. "सुतकात कसं देणार, ताई? आमच्यात सुतकात उष्टं देत न्हाईत. मेल्या मानसाची भूक जनावराच्या पोटात जाती म्हनत्यात."

घरातलं दही-ताक ओतून दिलं होतं, माठ बदलला होता आणि उष्टंही थांबवलं होतं. पाला मात्र थांबवता आला नाही, कारण दुसरं हिरवं काही नव्हतं आणि कडबा जेमतेम दोन म्हशींपुरता. मला कुणाचीच चूक दिसेना. तू असतीस तर त्याला ओरडली असतीस. पण तू असतीस तर सुतकच नसतं.

"मुकादमचं आत्ता काढून देता येईल," मी म्हटलं.

"ती रवंथच करंना. हगवन लागली म्हनून दुकानातलं औषद आनलतं, समद्यास्नी पाजलं. तवापासून ती बी गप हाय."

कुठलं औषध? त्यानं पुडकं दाखवलं. अँटिबायोटिक. जंतू मारायचं औषध ते, ते थोडंच विचारतं की तू हगवणीचा की पंगतीतला? सगळ्या कळपाच्या पोटातली वस्ती त्यानं झाडून काढली असणार. आसपासच्या वस्त्यांवरच्या शेळ्या आपण आधीच तपासल्या होत्या, त्यांच्यात आपला नव्हता. म्हणजे आता तो कुठे उरला? माझ्या पोटावर, टोपीत.

नामदेवची नजर तिकडेच होती. "आक्का म्हनायची, माज्या बाटलीत आपल्याच शेळ्यांचं उष्टं हाय. लागलं कधी तर कामाला यील. तेच ना हे?"

"तेच," मी म्हटलं आणि पोटावरचा हात काढला नाही.

मी त्याला संग्रहालयाचं सांगितलं, नावाचं सांगितलं. पाटोद्याचं नाव जगात राहील, आक्काचं राहील. तो ऐकत होता. मी म्हटलं, अर्धी काढून देते. पण माझं मलाच ठाऊक होतं, मी सुई घातलेल्या बाटल्या दुसऱ्या दिवशी निवळतात. आणि त्याहून मोठी भीती मी त्याला सांगितली नाही, तुला सांगते. गेले इतके दिवस ह्या बाटलीला माझे हात लागलेत. तिच्यात आपलाच आहे कशावरून? भलतंच काही वाढलं असेल आणि मी तुझ्या मुकादमला माझ्या हातानं मारलं तर? तुझं म्हणणं चुकलेलं निघालं तर? तू गेल्यावर तुला खोटं पाडणारी मीच ठरले तर?

एक पाट मटकन खाली बसली. नामदेवनं तिची मान वर धरली, पाणी लावलं, सोडली तशी मान पुन्हा पडली. मी ओढणीची गाठ सोडली.

सगळी बाटली मुकादमलाच द्यायची असं मी ठरवलं. थोडी थोडी सगळ्यांना वाटली तर कुणाच्याच पोटात टिकणार नाही. एकीत टिकला तर तिच्यापासून बाकीच्यांना जाईल. नामदेवनं तिला धरून आणल्यावर मी बाटली त्याच्यापुढे केली, कारण शेळीच्या तोंडात हात घालायची माझी अजून छाती होत नाही.

त्यानं हात मागे घेतला. "आमी सुतकात हावोत, ताई. आमच्या हातानं चालत न्हाई. तुमी पाजा. तुमी भाईरच्या."

मी तिथे उभी राहिले. तू गेल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. कॉलेजनं तुझे तास माझ्याकडे दिले. तुझ्या घरी मला खुर्ची दिली, चहा दिला, पाहुण्यांना देतात तसा. मी केस धुतले की नाही, जेवले की नाही, कुणाचा काय संबंध? तीन वर्षं आपण एका डब्यात जेवलो आणि मी बाहेरची. इतका वेळ घाबरले होते, आता एकदम राग आला.

"नामदेव," मी म्हटलं, "माझं पण माणूस गेलंय."

त्यानं मान वर केली.

"मंग तुमालाबी सुतक हाय," तो म्हणाला.

माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले. मीही सुतकात, तर बाटली पाजायला वस्तीवर कुणी राहिलंच नव्हतं. मुकादम आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती आणि तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. नामदेवनं धोतरानं ती पुसली. मग तिला दोन गुडघ्यांत धरलं, एका हातानं जबडा उघडला आणि दुसरा हात बाटलीखाली, माझ्या हाताखाली घातला.

"पाजा. दोस लागंल तर दोघालाबी लागंल."

मी बूच उपटलं. हवा लागली, शकू. जितक्या लवकर ओतता आलं तितकं ओतलं. निम्मं तिच्या गळ्याखाली सांडलं असं मला वाटतं, नामदेव म्हणतो थेंब सांडला नाही.

एक पाट त्याच संध्याकाळी गेली, मान टाकलेली ती. मुकादमनं तिसऱ्या दिवशी रवंथ सुरू केला असं नामदेवनं कळवलं. लगोलग त्यानं तिच्या गालात बोट घातलं आणि नव्या पाटींना उष्टं दिलं, सुतक न बघता. लाळ कमी झालीय म्हणतो. शेजाऱ्यानं थोडा कडबाही दिलाय, त्यामुळे गुण कशाचा ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. एवढ्यावर तू जिंकलीस असं म्हणायला मी तयार नाही, पुरावा हवा. मुकादमच्या पोटातलं पाणी काढून आणायचं, बाटलीत भरायचं, इळ्यासारखी काडी दिसते का बघायचं. दिसली नाही तर? रोज उठून हाच विचार येतो आणि मी पुन्हा पांघरूण ओढून घेते. इन्क्युबेटर मी बंद केला नाही. आत काही नाही, तरी चालू ठेवलाय. वीज फुकट जाते म्हणून शिपाई कुरकुरतो.

तुझे आभार मानायचे राहिले. ते मी आता मानत बसत नाही, तुला ते झेपायचं नाही. एवढंच सांगते, भ्यायला शिकवावं लागत नाही, पण भीत भीत काम करायला मी तुझ्याजवळ शिकले. तू धीट नव्हतीस. इन्क्युबेटरच्या दाराला हात लावताना तुझीही बोटं थरथरायची, मी पाहिलंय.

उद्या तुझं दहावं. जावं की नाही ठरत नव्हतं. पाहुण्यासारखं खुर्चीवर बसायला मला जायचं नव्हतं. मघाशी नामदेव फोनवर बोलला. मी शेळ्यांचं विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, उद्या घरून अंघूळ करून येऊ नका. सुतकाची अंघूळ हितंच, घरच्यासंगं करायची. तुमच्या वैनीनं तुमच्यासाटी पानी ठिवायला सांगितलंय."

मी हो म्हटलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं येते.